हातांची ती चित्रं बाजूला ठेवू नका

प्रश्न : ताई, माझं वय 61. परिचारिका म्हणून उभं आयुष्य वॉर्डात गेलं, आता निवृत्त आहे. शाळेत चित्रकला आवडायची, मग सुटली ती सुटलीच. आता रोज जलरंगात काम करते. मोबाइलवर फुलांचे, डोंगर-नद्यांचे फोटो शोधायचे आणि त्यावरून चित्रं काढायची. घरचे कौतुक करतात, फ्रेम करून लावतात. पण ती नुसती बरी दिसतात, एवढंच, हे माझं मला कळतं. रंग तर हमखास मळकट होतात. मी कुणाकडे शिकलेली नाही, कला महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही. तरी आता वेळ घालवण्यासाठी नाही, मनापासून, गंभीरपणे चित्रं करायची आहेत. या वयात जमेल का? आणि नेमकं काय वेगळं करू? (रात्री झोप लागली नाही की जुन्या डायरीत पेशंटचे हात काढत बसते, आठवतील तसे, पेन्सिलीनं. पण त्या आपल्या रेघोट्या, कुणाला दाखवण्यासारखं त्यात काही नाही.)

उत्तर : तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं आणि दरवेळी त्या कंसातल्या मजकुरापाशी अडले. फुलांच्या चित्रांचे फोटो तुम्ही मला पाठवलेत, डायरीतल्या पानाचा मात्र एकही नाही. आधी तो पाठवायला हवा होता. झोप उडालेल्या माणसाच्या मनात जे आपणहून येतं आणि जे काढायला कुणी सांगितलेलं नसतं, तिथं त्याचा विषय असतो. तुमचा विषय तुमच्याकडे आहे. डोंगर-नद्या थोडे दिवस राहू द्या.

असं का म्हणते, ते सांगते. शीर सापडत नसते तेव्हा बोटाच्या टोकानं ती चाचपून शोधायची, हे तुम्ही वर्षानुवर्षं केलंय. सुजलेल्या हाताची कातडी कशी ताणते, म्हाताऱ्या हातावर ती चिमटीत धरली तर किती वेळ तशीच उभी राहते, वेदनेत वळलेली मूठ आणि घाबरून वळलेली मूठ यांत काय फरक असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यासारख्या चित्रकाराला ते मॉडेल समोर बसवूनही नीट दिसत नाही. चित्रकला शिकवणाऱ्या कुणाहीकडे हे ज्ञान मागून मिळणार नाही. कागदावर ते उतरवायचं कसं, तेवढं शिकायचं राहिलंय आणि ते शिकता येतं.

वयाबद्दल विचारलंत म्हणून मेरी डेलनी यांची गोष्ट सांगते. जन्म 1700 सालचा, इंग्लंडमधला. 1772 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी रंगीत कागद कातरून काळ्या पार्श्वभूमीवर फुलझाडं चिकटवायला सुरुवात केली. पाकळीच्या एकेका छटेसाठी कागदाचा वेगळा तुकडा, केसरांसाठी धाग्याएवढ्या बारीक पट्ट्या. जवळपास दहा वर्षं, डोळे साथ देईनासे होईपर्यंत त्यांनी हे केलं आणि हजाराला थोडी कमी इतकी पानं झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण त्याआधी त्या काय करत होत्या? बागकाम, भरतकाम, शिंपल्यांची सजावट, कागदाची कातरकामं. फूल उलगडून त्याचे भाग पाहण्याची सवय आणि कात्रीवरचा हात, दोन्ही आयुष्यभरात तयार झालं होतं. सत्तरीनंतर ते एका कामात एकत्र आलं. आल्फ्रेड वॉलिस यांचंही तसंच. समुद्रावर आणि बंदरात आयुष्य काढलेला हा माणूस पत्नी गेल्यावर, उतारवयात, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर बोटींना लावायच्या रंगांनी जहाजं काढू लागला. 1928 साली बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड या तरुण चित्रकारांना ती चित्रं दिसली आणि ते थबकले. यथार्थदर्शनाचे, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवण्याचे नियम त्यांत शोधून सापडत नाहीत. पण पाणी बोटीला कसं उचलतं, ते त्या माणसाला पक्कं माहीत आहे.

ही उदाहरणं देऊन मी तुम्हाला कीर्तीचं आमिष दाखवत नाहीये. उशिरा सुरुवात केलेल्या बहुतेकांची चित्रं संग्रहालयात जात नाहीत, लवकर सुरुवात केलेल्यांचीही जात नाहीत. मला एवढंच दाखवायचंय की या दोघांनी गेलेली वर्षं भरून काढायचा प्रयत्न केला नाही. ती वर्षं हेच त्यांचं भांडवल होतं.

आता कामाचं बोलू. फोटोवरून काढणं सध्या पूर्ण बंद करा. फोटोत उजेड कुठून यायचा, कडा कुठे कापायच्या, काय धूसर ठेवायचं हे आधीच ठरलेलं असतं. तुम्हाला उरतं फक्त उतरवून घेणं. शिवाय फोन जवळ नेऊन हाताचा फोटो काढला की पुढची बोटं अवास्तव मोठी येतात आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. तुमचा डावा हात सदैव तुमच्यापाशी आहे. तो टेबलावर ठेवा, बाजूनं एकच दिवा लावा आणि काढा.

सुरुवातीला बोटं सुटी सुटी काढायची घाई नको. चार बोटांचा मिळून एक ठोकळा, तळव्याचा दुसरा, अंगठ्याच्या मुळाचा तिसरा, एवढंच बसवा. हाताच्या मागच्या बाजूनं पाहिलं तर मधलं बोट मुळाच्या सांध्यापासून मोजल्यावर मनगटापासूनच्या पूर्ण हाताच्या साधारण निम्मं भरतं. तळव्याकडून पाहिलं की तेच बोट आखूड दिसतं, कारण बोटांमधली कातडी सांध्याच्या बरीच पुढे येते. हाताची 27 हाडं तुम्ही शिकताना पाठ केली असतील. मनगटातली आठ एका गठ्ठ्यासारखी वागतात आणि खरी लवचीकता पुढे असते, हे चित्रात फार उपयोगी पडतं. बोटांच्या मधल्या रिकाम्या जागांचे आकारही काढा. त्या जागांचं काही नाव नसतं, म्हणून डोळा त्यांच्याबाबत फसत नाही. बोट म्हटलं की मात्र आपण मनातलं बोट काढतो.

स्वतः शिकणं म्हणजे गुरूविना शिकणं नव्हे, गुरू आपण निवडायचे. व्हॅन गॉगनं 1880 मध्ये, 27 व्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं आणि चार्ल्स बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या रेखाटनाच्या पाठांची पानंच्या पानं नकलून काढली. तुमच्यासाठी मी दोन नावं सुचवेन. पहिलं जुने जर्मन चित्रकार ड्यूरर. प्रार्थनेसाठी जोडलेल्या हातांचं त्यांचं 1508 सालचं रेखाटन तुम्ही नक्की पाहिलं असेल, पण बहुतेक वेळा वाईट छपाईत. मूळ चित्र निळ्या रंग दिलेल्या कागदावर आहे. निळा हा मधला टोन, म्हणजे उजेड-सावलीतली मधली पायरी, गडद रेषा म्हणजे सावली आणि पांढऱ्या रेषा म्हणजे उजेड. तुम्ही राखाडी किंवा तपकिरी कागद घ्या, एक काळी पेन्सिल आणि एक पांढरी. कागद मधल्या टोनचं काम आपोआप करतो, तुम्हाला फक्त दोन्ही टोकं सांभाळायची. टोन समजायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

दुसरं नाव जर्मन चित्रकार केटे कोलविट्झ. त्यांचे पती बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर होते आणि दवाखान्यात येणाऱ्या बायकांची दुःखं केटे यांनी फार जवळून पाहिली. त्यांच्या चित्रांत चेहऱ्याआधी हात बोलतात, मुलाला कवटाळणारे, तोंडावर घट्ट धरलेले. ते पाहिल्यावर डायरीतल्या पानांना तुम्ही पुन्हा रेघोट्या म्हणणार नाही, अशी माझी खात्री आहे. एक मात्र सांभाळा. एखाद्या हातावर गोंदण किंवा माणूस ओळखू येईल अशी खूण आठवत असेल, तर ती चित्रात आणू नका. त्या माणसानं विश्वासानं आपला हात तुमच्या हाती दिला होता.

मळकट रंगांचं कारण बहुधा साधं आहे. एकात एक चार-पाच रंग मिसळले जातात आणि थर अर्धवट ओला असताना त्यावर पुन्हा कुंचला फिरतो. थर एक तर पूर्ण ओला हवा किंवा पूर्ण वाळलेला. काही महिने दोनच रंग ठेवा, अल्ट्रामरीन ब्लू हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. दोन्ही मिसळून सुरेख करडे मिळतात, थंडही आणि उबदारही, आणि कातडीच्या सावल्यांना तेच लागतात. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीनवर पी.बी. 29 असं लिहिलेलं असतं, तो रंगद्रव्याचा क्रमांक. पी.आर. 83, म्हणजे अस्सल अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल, उजेडात फिका पडतो, तो टाळा. कागद सुती आणि 300 जी.एस.एम.चा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड घ्या. पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि आपण दोष आपल्या हाताला देत बसतो.

आणि घरच्यांचं कौतुक. ते प्रेमाचं आहे, ते घ्या. पण 'कसं झालंय?' असं विचारू नका. 'हा हात झोपलेल्याचा वाटतो की शुद्ध हरपलेल्याचा?' असं विचारा. उत्तर चुकलं तर कुठे काम करायचं ते लगेच कळेल. फसलेली पानं फाडू नका. मागे तारीख घाला आणि अधूनमधून सगळी जमिनीवर मांडून उभ्यानं बघा. कुठल्या पानाकडे पुन्हा पुन्हा नजर जाते ते टिपून ठेवा आणि पुढचं चित्र तिथून सुरू करा. गंभीरपणे चित्रं करायला काय वेगळं करू, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे हे एवढंच उत्तर आहे. डायरीतल्या पानाच्या फोटोची वाट पाहते.

प्रश्न : मी 70 वर्षांचा. नोकरी संपल्यावर तैलरंगात काम करू लागलो. हल्ली निळा आणि जांभळा यांतला फरक कळत नाही, सगळ्यावर पिवळट झाक दिसते. आता थांबावं का?

उत्तर : काका, थांबू नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं होतं, मोतीबिंदूत आणखी. मग निळा उजेड आत कमी पोचतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना हाच त्रास होता. ट्यूबवरची नावं वाचून आणि रंग रंगपाटीवर ठरलेल्या जागी ठेवून ते काम करत राहिले. 1923 मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरही त्यांनी चित्रं केली. तपासणी होईपर्यंत तुम्ही फक्त काळ्या-पांढऱ्यात काम करा. उजेड-सावलीचा अंदाज डोळा बऱ्याच काळपर्यंत देतो. शस्त्रक्रिया झालीच तर निळे रंग एकदम झगझगीत दिसतील. त्या पहिल्या आठवड्यांत जुनी चित्रं 'सुधारायला' घेऊ नका, नजर स्थिरावू द्या.

प्रश्न : चित्रावर सही करायला संकोच वाटतो. आपण कोण मोठे चित्रकार? कधीपासून करावी?

उत्तर : आजपासून. ज्यानं चित्र केलं त्याचं नाव त्यावर हवं, त्यासाठी मोठं असावं लागत नाही. पुढच्या बाजूला लहान सही, मागे साल आणि कोणते रंग वापरले ते. कागदावरच्या चित्राला मागे पेन्सिलीनंच लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की वळ पुढच्या बाजूला उमटतात.