बीएस-६ ट्रकचा चेक लाइट सारखा लागतो, वर्कशॉप म्हणतं वॉरंटीत बसत नाही. काय करावं?

तुमची गाडी १४ महिन्यांची, एकच, आणि स्वतः चालवता. फेरा न्हावा शेवा, भिवंडी, वडाळा एवढाच. चार वेळा चेक लाइट लागून ताकद उतरली, दर वेळी वर्कशॉपने रीजन मारून गाडी हातात दिली, आणि आता म्हणतात ‘युरिया खराब होता’ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतो ते द्रावण). यावरून उत्तर देतो.

रीजन हा इलाज नव्हे. त्याने डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये, साचलेली काजळी जळते, ती एवढ्या लवकर का साचली ते तसंच राहतं. गाडी स्वतःहून रीजन करते तेव्हा फिल्टरमध्ये साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं. बंदराच्या गेटवर तीन-तीन तास इंजिन चालू ठेवून रांगेत उभं राहिलं, की ते कधीच गाठलं जात नाही. वर रीजन सुरू असताना चावी फिरवून गाडी बंद केली, तर ते अर्धवट राहतं. काही इंजिनांत त्यासाठी मारलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर समजा हेच चाललंय.

एकूण किलोमीटरला इंजिनाच्या तासांनी भागा. माझ्या हिशेबाने उत्तर २० च्या खाली आलं, तर गाडी चालते कमी आणि उभी जास्त. मग आठवड्यातून एकदा लोड घेऊन खालापूरहून खंडाळ्याचा घाट चढवा किंवा शहापूरच्या पुढे कसाऱ्याकडे न्या, मध्ये न थांबता.

पण सगळं खापर वापरावर फोडू देऊ नका. पुष्कळदा फिल्टर मोकळा असतो आणि सेन्सर खोटं बोलतो. स्कॅनरवर पी२४६३ हा दोषाचा कोड आला (काही गाड्या एसपीएन ३२५१ दाखवतात), तर डीपीएफच्या प्रेशर सेन्सरकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या बघा. एक फिल्टरच्या आधीची, दुसरी नंतरची. रबर तडकलेलं असतं, आत काजळीचा बोळा असतो किंवा पाणी साचलेलं असतं. उरणच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज धरतो, तो वेगळाच. चावी ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत हा सेन्सर शून्याच्या जवळ असला पाहिजे. तेव्हाही आकडा दिसत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग बघायचं. तिथे रीजन मारून काय होणार? रीजनच्या आधीचं आणि नंतरचं रीडिंग छापून मागा. नंतरही खाली आलं नाही तर राख भरलेली असू शकते, आणि राख जळत नाही. म्हणून ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच हवं, बहुधा सीके-४. स्वस्तातलं सीआय-४ ओतलं की राखही वाढते आणि कंपनीला निमित्तही मिळतं.

कोड पी२०ईई किंवा एसपीएन ४३६४ असेल तर दोष युरियाच्या बाजूला आहे. डोझर (युरिया फवारणारा भाग) काढून नोझल बघा. पांढरा खडा धरला असेल तर ताजा असेपर्यंत गरम पाण्यात विरघळतो, जुना कडक झालेला सहज निघत नाही. याचं एक कारण तुमच्या हातात आहे: चावी बंद केल्यावर पंप पाइपातला युरिया परत टाकीत ओढतो. लगेच बॅटरी कट-ऑफ फिरवला तर तो पाइपातच वाळतो. दोन-तीन मिनिटं थांबा. नोझल स्वच्छ असूनही कोड येत असेल तर नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) तपासायला सांगा. धुराच्या पाइपातलं पाणी लागून त्याच्या आतलं सिरॅमिक तडकतं.

आता ‘युरिया खराब’. विचारा: कशावर मोजला, किती आला? रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं उपकरण) एक थेंब पुरतो, युरिया ३१.८ ते ३३.२ टक्के ही मान्य हद्द आहे. आकडाच सांगता येत नसेल तर आरोप हवेत आहे. बहुतेक गाड्यांत युरियाचा दर्जा बिघडला की पी२०७एफसारखा वेगळा कोड साठतो, तो आला होता का तेही विचारा. तेल किंवा धूळ मिसळली असेल तर मात्र हे उपकरण पकडत नाही, म्हणून अर्धा-अर्धा लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या त्यांच्या सहीनिशी ठेवा. सीलबंद कॅनची बिलंही जपा.

खरी लढाई जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या दुरुस्तीच्या नोंदीवर, होते. अ‍ॅडव्हायझर तिथे ‘जनरल चेकअप’ खरडतो. तुम्ही लिहून घ्या: ‘तोच दोष पाचव्यांदा, ताकद कमी, कोड अमुक, किलोमीटर तमुक.’ कोड पुसण्याआधी प्रिंट घ्या. वॉरंटी नाकारली तर क्लेम नंबर आणि कारण ईमेलवर मागा. तोंडी नकार कुठेच टिकत नाही. गाडी नेताना ‘समाधानी’च्या रकान्यात डोळे मिटून सही करू नका.

‘ट्रक व्यावसायिक, तुम्ही ग्राहक नाही’ असंही ऐकवतील. एका गाडीवर स्वतः पोट भरणारा ग्राहकच असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात स्वतः चालवायला घेतलेल्या ट्रकचं उदाहरणच दिलंय, आणि २०१९ च्या कायद्यातही स्वयंरोजगाराची ती सूट आहे. दहा गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असते तर मी वेगळं सांगितलं असतं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाका. मग विक्रेता आणि उत्पादक दोघांना नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली तर तिथेच दावा होतो, तोही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दोष तपासायला आयोग भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून पैसे देऊन बदललेले जुने भाग मागून घ्या. रद्द झालेल्या फेऱ्यांचे मेसेज आणि हप्त्यांचे उतारे नुकसानीसाठी लागतील.

मोटार वाहन कायद्याचं कलम ११०अ पर्यावरणाला हानी करणाऱ्या दोषावरही गाड्या परत बोलवायची मुभा देतं, पण एकट्याच्या तक्रारीने ते हलत नाही. त्याच मॉडेलचे आणखी मालक गोळा करा.

कोणी मेस्त्री डीपीएफची जाळी फोडून सॉफ्टवेअर मारून देतो म्हणाला तर नाही म्हणा. वॉरंटी जाईल, आणि आयोगापुढे दाखवायला दोषच उरणार नाही.