वजाबाकी उलटी, व्याख्या अडलेली

प्रश्न : फोर्थसारख्या, म्हणजे आधी संख्या आणि मग क्रिया लिहायच्या भाषेचा छोटा इंटरप्रिटर (लिहिलेले शब्द वाचून चालवणारा प्रोग्रॅम) पायथॉनमध्ये लिहितोय. बेरीज, गुणाकार बरोबर येतात, पण ‘१० ३ -’ दिलं की उणे ७ येतं. आणि ‘: वर्ग डुप * ;’ असा नवा शब्द शिकवायला गेलं की ‘स्टॅक रिकामा’ असा एरर येतो. कुठे चुकतंय?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : वजाबाकीचं आधी उरकू. स्टॅक म्हणजे संख्यांची चळत, तिच्यावर शेवटी गेलेली संख्या आधी बाहेर येते. पहिल्या पॉपला, म्हणजे वरची संख्या काढताना, ३ मिळतात, दुसऱ्याला १०. तुम्ही पहिल्यातून दुसरी वजा करताय. दुसऱ्यातून पहिली करा. भागाकारातही हेच सांभाळा.

दुसरा प्रश्न मला फार आवडला, फोर्थची खरी गंमत तिथेच आहे. डुप म्हणजे स्टॅकवरच्या वरच्या संख्येची प्रत करणारा शब्द. तुमचा इंटरप्रिटर डुप दिसताक्षणी तो चालवायला जातो आणि स्टॅकवर काहीच नसतं. कोलन आला की पुढचा शब्द नाव म्हणून घ्यायचा आणि त्यानंतरचे शब्द न चालवता नुसते नोंदवत जायचं. सेमीकोलन मात्र नोंदवायचा नाही, लगेच चालवायचा, नाहीतर व्याख्या संपणारच नाही. फोर्थमध्ये व्याख्या चालू असतानाही लगेच चालणाऱ्या अशा शब्दांना ‘इमिजिएट’ म्हणतात. मग ‘५ वर्ग’ लिहिलं की स्टॅकवर आधी ५, डुपनंतर ५ ५, गुणाकारानंतर २५.

एक आग्रहाने सांगते, इफ-एल्सची माळ लावू नका. बेरजेपासून कोलनपर्यंत सगळे शब्द एकाच डिक्शनरीत, म्हणजे शब्द आणि त्याचं फंक्शन यांच्या जोड्यांत, ठेवा. शब्द तिथे सापडला तर चालवा, नाहीतर संख्या आहे का बघा, तीही नसेल तर एरर. फोर्थचे जनक चार्ल्स मूर यांची ही भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या किट पीकची रेडिओ दुर्बीण चालवायची. तेव्हाच्या तुटपुंज्या मेमरीत फोर्थ बसली ती अशा आटोपशीर रचनेमुळेच.

नोंदवताना शब्दाचं नाव ठेवू नका, त्या क्षणी डिक्शनरीत असलेलं फंक्शन ठेवा. म्हणजे उद्या डुपची नवी व्याख्या केलीत तरी ‘वर्ग’ जुन्याच डुपवर चालेल. फोर्थमध्येही तसंच होतं. व्याख्येत संख्या आली तर ती स्टॅकवर टाकणारं छोटं फंक्शन नोंदवा. ते लूपमध्ये लॅम्डाने (पायथॉनच्या बिननावी फंक्शनने) लिहिणार असाल तर संख्या डीफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून बांधा. नाहीतर लॅम्डा चालताना व्हेरिएबलची शेवटची किंमत वाचेल, ‘२ * ३ +’ मधल्या दोन्ही जागी ३च पडतील आणि तुम्ही चूक गुणाकारात शोधत बसाल.