कारखाने गेल्यावर शहरांचं काय होतं, यावर काय वाचावं?

तुम्ही विचारलंय की डेट्रॉइट, पिट्सबर्गसारखी शहरं कारखाने बंद पडल्यावर परत कशी उभी राहिली, तिथलं रोजचं जगणं कसं बदललं, यावर कुठली पुस्तकं वाचावीत. पुस्तकं ढीगभर आहेत, पण त्यातली बरीचशी जागांचे भाव वाढले म्हणजे शहर सावरलं असं धरूनच चालतात. मी असं पुस्तक हातात घेतलं की आधी एवढंच बघतो, की पूर्वी तिथे जे कामाला होते त्यांचं पुढे काय झालं हे लेखक सांगतोय का. सांगत नसेल तर फोटो बघून परत ठेवतो.

सुरुवात थॉमस सग्रूच्या 'द ओरिजिन्स ऑफ द अर्बन क्रायसिस'पासून करा. 1996 चं पुस्तक आहे, विषय मोटारींच्या कारखान्यांचं शहर डेट्रॉइट. डेट्रॉइट का बुडालं विचारलं की लोक एकतर 1967 ची दंगल सांगतात नाहीतर जपानी गाड्या, सग्रूचं म्हणणं असं की गळती त्याच्या कितीतरी आधी लागली होती, 1947 ते 1963 या काळातच शहरातल्या कारखान्यांमधल्या 1 लाख 34 हजार नोकऱ्या गेल्या होत्या, आणि हा काळ म्हणजे अमेरिकेच्या ऐन भरभराटीचा बरं का! कंपन्यांनी ऑटोमेशन आणलं, नवे प्लांट शहराबाहेर टाकले किंवा जिथे युनियनचा जोर कमी अशा राज्यांत नेले. कृष्णवर्णीय कामगार उशिरा लागलेले, त्यामुळे कपात आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर, बरं नोकरीच्या मागे उपनगरात जावं तर तिथे त्यांना कोणी घर विकत नाही आणि बँक कर्ज देत नाही, आणि शहरातल्याच गोऱ्यांच्या वस्तीत कोणी घर घेतलंच तर शेजारी दगड घेऊन दारात. घरांवरून झालेल्या या भांडणांची प्रकरणं पुस्तकात सगळ्यात भारी आहेत, ती गाळू नका. 1950 ला डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, 2020 ला साडेसहा लाखही उरली नाही, 2013 मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. हे सगळं माहीत असलं की मग 'डेट्रॉइट इज बॅक' छापाचे लेख वाचताना आपोआप प्रश्न पडायला लागतात.

दुसरं, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं, गॅब्रिएल वायनंटचं 'द नेक्स्ट शिफ्ट', 2021 चं. पिट्सबर्ग हे सावरलेल्या शहराचं नेहमीचं उदाहरण, पोलाद गेलं आणि हॉस्पिटलं, युनिव्हर्सिटी, टेक आलं, सगळं छान झालं, अशी गोष्ट सांगतात. वायनंट त्याच गोष्टीची आतली बाजू दाखवतो. पोलाद कामगारांना युनियनने भांडून चांगला आरोग्य विमा मिळवून दिला होता. कारखाने बंद पडायला लागले, तरुण पोरं शहर सोडून गेली, मागे राहिले म्हातारे आणि आजारी लोक, पण विमा हातात असलेले. त्या पैशावर हॉस्पिटलं वाढत गेली. म्हणजे नवीन धंदा कुठून आकाशातून पडला नाही, जुन्या धंद्याने थकवलेल्या शरीरांवरच तो उभा राहिला. आणि तिथे राबायला कोण, तर बहुतेक बायका, त्यात कृष्णवर्णीय बायका बऱ्याच, आणि पगार पोलाद कामगाराच्या जवळपासही नाही. युएस स्टील टॉवर ही पिट्सबर्गची सगळ्यात उंच इमारत, तिच्या माथ्यावर आज युपीएमसी या हॉस्पिटल समूहाची अक्षरं आहेत, अख्खं पुस्तक त्या एका पाटीत बसतं. मधली काही प्रकरणं जड आहेत, विमा आणि सरकारी धोरणांचा किस पाडलाय, तिथे भरभर पुढे गेलात तरी चालेल.

आता जेन जेकब्स. 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज', 1961, कोणीही सुचवेलच आणि वाचायलाच हवं, शहरातला साधा फुटपाथ कसा चालतो हे इतक्या बारकाईने क्वचितच कोणी लिहिलंय. पण ते कारखाने गेल्यानंतरच्या शहरावरचं पुस्तक नाही, तो काळच वेगळा होता. लोक त्यातलं फक्त रस्त्यावर लक्ष ठेवणाऱ्या शेजाऱ्यांचं प्रकरण उचलतात, तुमच्या कामाचं आहे ते जुन्या इमारतींवरचं. तिचा मुद्दा सरळ हिशोबाचा आहे, नवीन बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल करावा लागतो, त्यामुळे ज्याचा जम बसायचाय असा धंदा तिथे टिकत नाही, त्याला जुनी स्वस्त जागाच लागते. बंद गिरण्यांचं आणि गोदामांचं महत्त्व इथे कळतं. तिचं कमी पडतं ते हे, की अशी वस्ती छान झाली की तिथलं भाडं कुठल्या कुठे जातं याचा बंदोबस्त तिच्याकडे फारसा नाही, ती स्वतः न्यूयॉर्कच्या ज्या हडसन स्ट्रीटवर राहायची तिथे आज साध्या पगाराचा माणूस घर घेईल का, विसरा.

म्हणून तिच्या पाठोपाठ शॅरन झुकिनचं 'लॉफ्ट लिव्हिंग' घ्या, 1982 चं. न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या कारखान्यांच्या मजल्यांवर कलाकार राहायला आले, मागोमाग गॅलऱ्या, मग पैसेवाले, हा क्रम आता सगळ्यांना पाठ झालाय पण झुकिनने तो चालू असतानाच पकडला. आणि ते मजले सगळेच काही रिकामे नव्हते, तिथे लहान कारखानदार अजून काम करत होते, घरांचं भाडं जास्त मिळतं म्हटल्यावर मालकांनी त्यांना बाहेर काढलं, हा भाग लोक सोयीस्कर विसरतात.

रिचर्ड फ्लोरिडाचं 'द राइज ऑफ द क्रिएटिव्ह क्लास' (2002) एकटं वाचू नका. कलाकार, इंजिनिअर, डिझायनर लोकांना ओढून आणा, शहर आपोआप उठेल, असा त्याचा सूर, आणि गावोगावच्या महापौरांनी तो डोक्यावर घेतला. 2017 मध्ये त्यानेच 'द न्यू अर्बन क्रायसिस' लिहून अशा शहरांमधली वाढती विषमता मांडली. दोन्ही लागोपाठ वाचली तर मजा येते, वेळ नसेल तर फक्त दुसरं.

एडवर्ड ग्लेझरचं 'ट्रायम्फ ऑफ द सिटी' (2011) मला निम्मं पटतं. पडत्या शहरात चकाचक इमारती उभ्या करून काही होत नाही, पैसा माणसांच्या शिक्षणावर घाला, हे अगदी खरं, डेट्रॉइटच्या पीपल मूव्हर या उंचावरून धावणाऱ्या छोट्या रेल्वेची त्याने काढलेली खरडपट्टी वाचाच. पण ज्यांना शहर सोडता येत नाही त्यांच्याकडे तो जरा घाईने बघतो.

अमेरिकेबाहेरचं हवं असेल तर जर्मनीच्या रूर या कोळसा-पोलादाच्या भागाकडे वळा. तिथल्या ड्युइसबुर्ग शहरातला एक लोखंडाचा कारखाना 1985 ला बंद पडला, तो पाडण्याऐवजी तिथे पार्क केला, गॅसच्या टाकीत पाणी भरून आता लोक डायव्हिंग करतात. पार्कचा डिझायनर पीटर लाट्झचं 'रस्ट रेड' त्यावरच आहे, पण ते डिझायनरच्या नजरेतून आहे, कामगार त्यात शोधू नका.

रॉबर्ट कॅरोचं 'द पॉवर ब्रोकर' (1974) हजारावर पानांचं धूड आहे, विषय कारखान्यांचा नाही, पण 'वन माइल' हे प्रकरण तेवढं काढून वाचा. एक मैल हायवेसाठी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातली सुमारे दीड हजार कुटुंबं कशी उठवली, थोडा वळवला असता तर बहुतेक घरं वाचली असती तरी का नाही वळवला, हे सगळं त्यात आहे. तेव्हा यालाही शहराची सुधारणाच म्हणत होते.