एका दिवसात कॅन्यनलँड्सचे दोन भाग? नकोच

प्रश्न : ताई, एप्रिलमध्ये सासू-सासरे येतायत, त्यांना युटाहला न्यायचंय, मोआबमध्ये मुक्काम. एक दिवस आर्चेस नॅशनल पार्क आणि दुसऱ्या दिवशी कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कचे आयलंड इन द स्काय आणि नीडल्स हे दोन्ही भाग असा बेत आहे, नकाशावर अगदी शेजारी दिसतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. जमेल?

उत्तर : नकाशाने आम्हालाही असंच गंडवलं होतं! दोन्हीच्या मध्ये कोलोरॅडो नदी आहे आणि पार्कात तिच्यावर एकही पूल नाही, म्हणजे परत मोआबच्या बाजूला येऊन वळसा घालायचा. मोआबहून आयलंड इन द स्काय ४० मिनिटं, नीडल्स दीड तास, आता तुम्हीच हिशोब करा, अख्खा दिवस गाडीत जाईल आणि सासरे मागच्या सीटवर घोरतील. नीडल्स सोडा. पार्काच्या मेझ या भागाचं तर नावही काढू नका, तिथे फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) गाडी लागते.

आयलंड इन द स्काय म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपासून हजार फुटांहून उंच असं सपाट पठार, खाली कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्यांनी कोरलेल्या दऱ्या. मुख्य म्हणजे बरेचसे पॉइंट गाडीतून उतरलं की समोरच आहेत, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. ग्रँड व्ह्यू पॉइंटला पार्किंगजवळूनच भरपूर दिसतं, पुढे कड्याच्या काठाने जाणारी वाट तुम्ही दोघं करा. मेसा आर्च या दगडी कमानीपर्यंतची चाल जाऊन-येऊन साधारण एक किलोमीटर, थोडा चढ-उतार आहे, सासूबाईंनाच विचारा. सूर्योदयाला कमानीचा खालचा भाग केशरी होतो, पण तेव्हा ट्रायपॉडवाल्यांची एवढी गर्दी असते की आपल्याला फक्त त्यांच्या पाठी दिसतात, मी तर म्हणेन निवांत नाश्ता करून जा.

पाणी माणशी चार लिटर गाडीत ठेवाच, खाण्याचंही सोबत घ्या, आत हॉटेल नाही. आणि एक, वाटेशेजारी काळपट, खडबडीत पापुद्रा आलेली माती दिसेल ना, त्यावर फोटोसाठीसुद्धा पाय ठेवायचा नाही, ती जिवंत असते, सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल मिळून वाळू धरून ठेवतात, एकदा तुडवली की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. सासऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, वाट सोडून "जरा पुढून बघतो" म्हणणारे तेच असतात.