वेगवेगळ्या देशांतले संशोधक लठ्ठपणा आणि बीपीचा अभ्यास एकत्र कसा करतात?

खरी डोकेदुखी असते ती सगळीकडे एकसारखं मोजण्याची. १९८८ साली प्रसिद्ध झालेला ‘इंटरसॉल्ट’ अभ्यास घ्या: ३२ देश, ५२ ठिकाणं (आपल्याकडची दिल्ली आणि लडाख), दहा हजारांवर माणसं. बीपी घेणारा नकळत १३०, १४० असा गोल आकडा लिहितो. म्हणून यंत्रच असं वापरलं की पाऱ्याचा शून्य किती सरकवलाय हे मोजून झाल्यावरच कळावं आणि मग तेवढं वजा करावं. खाल्लेलं मीठ मोजायला चोवीस तासांची लघवी साठवायची (लोक तयार झाले हेच नवल!) आणि तिचे नमुने तपासायला बेल्जियममधल्या एकाच प्रयोगशाळेत. मूळ विषय मीठ होता, पण बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) आणि बीपीचं नातंही ठळक दिसलं.

पण बीएमआय म्हणजे चरबी नव्हे. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांची जोडी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झळकली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१! त्यामुळे भारतीयांचा अभ्यास असेल तर नुसत्या वजनकाट्यावर भागत नाही, कमरेला टेप लावावीच लागते.