विजापूरच्या जामा मशिदीत काय पाहावे?

प्रश्न: सोलापूरहून सकाळी निघून विजापूर पाहायचे आहे. गोल घुमट पूर्वी पाहिला आहे. जामा मशिदीत आजही नमाज होते. तिथे कधी जावे, कसे वागावे आणि नेमके काय पाहावे?

उत्तर: शुक्रवारची दुपार सोडून जा. त्या दिवशी नमाजीआधी खुतबा, म्हणजे प्रवचन, असतो, गर्दीही मोठी असते. सकाळी नऊच्या सुमाराची वेळ उत्तम. दालन पूर्वेकडे अंगणात उघडते, त्यामुळे ऊन कमानींतून आत येते. दुपारी तोच दर्शनी भाग सावलीत जातो आणि फोटो काळवंडतात.

ही मशीद तालिकोटच्या लढाईनंतर (1565) पहिल्या अली आदिलशहाने बांधायला घेतली. आत शिरताच मान वर करू नका, आधी खण, म्हणजे चार खांबांमधल्या चौकोनी जागा, मोजा: रुंदीला नऊ, खोलीला पाच, म्हणजे 45. त्यांतले मधले नऊ खण मोकळे करून, आतले चार खांब गाळून वर एकच मोठा घुमट उभा केला आहे. चौकोनावर गोल बसवायचा कसा? एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा अष्टकोन केला आणि त्यावर घुमट टेकवला. घुमट भिंतींना बाहेर रेटत असतो. आत झुकलेल्या या कमानींचे वजन तो रेटा तोलते. गोल घुमटात हीच युक्ती फार मोठ्या मापात आहे. म्हणून खरे तर मशीद आधी पाहायला हवी होती!

पश्चिम भिंतीतला मिहराब, म्हणजे नमाजीची दिशा दाखवणारा कोनाडा, 1636 मध्ये महंमद आदिलशहाच्या काळात सोन्याने व रंगांनी मढवला. पडदा असेल तर स्वतः सरकवू नका, तिथल्या माणसाला विचारा. फ्लॅश नको.

जमिनीवरच्या काळ्या रेघांच्या चौकटी अनेकांना फरशीची नक्षी वाटते. एकेक चौकट नमाज पढणाऱ्या एका माणसाची जागा आहे, अशा सुमारे 2,250 आहेत. नमाज सुरू झाली की मागे, कडेच्या खांबाशी थांबा. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका. नवख्यांकडून सर्वांत जास्त हीच चूक होते. एकटा माणूस पढत असेल तरी त्याच्या मागून वळसा घाला. रांगा खांद्याला खांदा लावून कशा सरळ होतात, ते मागूनच नीट दिसते. हौद वजूसाठी, म्हणजे नमाजीआधीच्या शुद्धीसाठी, आहे, त्यात पाय धुऊ नका. चपला बाहेर, गुडघे झाकलेले, बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यावी. तासभर तरी हाताशी ठेवा.