प्रश्न वाचकांचे : मराठी नाव आलं की प्रोग्रॅम का अडतो?

प्रश्न : वाचनालयाची पुस्तकयादी एका टेक्स्ट फाइलमध्ये आहे. ती १०२४ बाइटांच्या तुकड्यांनी वाचून प्रत्येक ओळीआधी ‘शीर्षक : ’ जोडणारा प्रोग्रॅम मी रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला. इंग्रजी नावं नीट निघतात. मराठी नाव आलं की ‘इनकम्पॅटिबल कॅरेक्टर एन्कोडिंग्ज’ अशी एरर येते. मित्राने ‘एन्कोड’ला रिप्लेसचा पर्याय लावून दिला. एरर गेली, पण मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मित्राची ओळ आधी काढा. एरर परत येईल, येऊ द्या. तुमची यादी तीच वाचवते आहे.

रूबी जपानात युकिहिरो मात्सुमोतो यांनी घडवली. तिथे शिफ्ट-जिस, ईयूसी अशी एन्कोडिंग्ज, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धती, एकाच वेळी वापरात होती. म्हणून आवृत्ती १.९ पासून रूबीची प्रत्येक स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आपल्या एन्कोडिंगचं नाव सोबत ठेवते. तुमचं ‘शीर्षक : ’ यूटीएफ-८ या, मराठीलाही चालणाऱ्या एन्कोडिंगमध्ये आहे. फाइलमधला मजकूरही बहुधा तोच असेल, पण ‘रीड’ला बाइटांचा आकडा दिला की रूबी हाती येणाऱ्या तुकड्यावर ‘आस्की-८बिट’, म्हणजे नुसते बाइट, असा शिक्का मारते. दोहोंपैकी एकात तरी निव्वळ आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं-आकडे असतील तर रूबी असे दोन शिक्के खपवून घेते, नाहीतर एरर देते. म्हणून इंग्रजी नावं जुळली. ‘शीर्षक’ऐवजी तिथे इंग्रजी शब्द असता तर मराठी नावंही मुकाट जोडली गेली असती, जोडलेल्या स्ट्रिंगवर बाइटांचा शिक्का बसला असता आणि एरर दुसऱ्याच कुठल्या तरी ओळीवर उगवली असती. ती शोधणं फार जिकिरीचं.

आता ती प्रश्नचिन्हं मोजा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. ‘मन’च्या जागी सहा प्रश्नचिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ आहे असं धरून चाला. दोनच दिसली तर फाइल इस्की या जुन्या भारतीय एन्कोडिंगमध्ये किंवा एखाद्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असू शकते. तसं असेल तर त्या एन्कोडिंगचा किंवा फॉन्टचा कन्व्हर्टरच लागेल.

फाइल यूटीएफ-८ असेल तर ‘फोर्स एन्कोडिंग’ वापरा, ‘एन्कोड’ नको. पहिलं फक्त शिक्का बदलतं, बाइटांना हात लावत नाही. दुसरं बाइटच बदलू पाहतं. नुसत्या बाइटांवर चालवलं की २२४ला ते अडतं, आणि रिप्लेस सांगितलं असेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जातं. मूळ अक्षर मग परत मिळत नाही. माणसांची, पुस्तकांची नावं अशी पुसली जाताना मला फार वाईट वाटतं.

मात्र प्रत्येक तुकड्यावर शिक्का मारू नका. १०२४ला तीनने भाग जात नाही. एखादं अक्षर मधोमध चिरलं जाईल, त्याचा एक बाइट इकडे आणि दोन तिकडे. सगळे तुकडे जोडून झाल्यावर एकदाच शिक्का मारा आणि ‘व्हॅलिड एन्कोडिंग’ने तपासा. वाचनालयाच्या यादीला खरं तर तुकडे करायची गरजच नाही. फाइल उघडतानाच यूटीएफ-८ सांगून ‘फॉरईच’ने ओळीओळीने वाचा, मग तुमची ‘शीर्षक : ’ची जोडणी आहे तशीच चालेल.

मित्राच्या ओळीनंतर तयार झालेली यादी कुठे सेव्ह केली असेल तर ती टाकून द्या आणि मूळ फाइलवरून नवी काढा. मूळ फाइलची एक प्रत आजच वेगळी ठेवा.